एकाच थराचा चुंबक 45 केल्विनला टिकतो कसा?

फोंडेकर_एमएस्सी:
कंडेन्स्ड मॅटर वाचतोय आणि एका जागी पार अडकलोय. मर्मिन-वॅग्नरचं 1966 चं प्रमेय सांगतं की एक किंवा दोन मितींत शून्याच्या वर जराही तापमान गेलं की चुंबकत्व मोडतं. आणि 2017 ला क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर सोलून काढला तर तो 45 केल्विनपर्यंत फेरोमॅग्नेट, म्हणजे आपोआप चुंबक असणारा, निघाला. मग खरं काय? काल फेरीत मित्राशी यावरच वाद चाललेला, बेती आली तरी मिटला नाही.

पठारावरचा:
प्रमेय बरोबरच आहे रे, तू त्याची अट गाळलीस. ते लागू कुठे, तर स्पिनला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या इवल्या चुंबकाला, कुठल्याही दिशेला वळायची सारखी मोकळीक असते आणि ओढ जवळच्यांपुरतीच असते तिथे. मग हळूहळू वळत जाणाऱ्या लांब लाटा, म्हणजे मॅग्नॉन, जवळपास फुकटात उठतात, दोन मितींत त्यांची संख्या मोजायला गेलास की इंटिग्रल लहान के कडे, म्हणजे लांब लाटांकडे, लॉगने अनंताला जातं. वहीत कर, अर्धं पान लागेल. ट्रायआयोडाइडमध्ये ती मोकळीक नाही. आयोडीन जड, स्पिन-ऑर्बिट, म्हणजे स्पिनचं इलेक्ट्रॉनच्या कक्षेशी नातं, जोरदार, त्यामुळे स्पिनला थराला काटकोनातच उभं राहायला आवडतं, लाट उठवायला आधी ठरावीक ऊर्जा मोजावी लागते आणि इंटिग्रल आवरतं. जाड स्फटिकात 61 केल्विन, एका थरात 45, एवढाच फरक.

म्हापशेकर:
एका मितीत मात्र हाही उपाय चालत नाही. शिगम्याच्या रोमटात, म्हणजे मिरवणुकीत, सगळे एकामागे एक चाललेत आणि मधूनच एकाने उलटी दिशा धरली, मागच्यांनी त्याचंच बघून तशीच धरली, तर तंटा फक्त त्या एका सांध्यावर. खर्च 2जे (जे म्हणजे शेजारच्या दोघांतल्या ओढीचा जोर), रांग कितीही लांब असो. सांधा पडायच्या जागा मात्र एन, म्हणजे रांगेइतक्या, म्हणून एंट्रॉपी, म्हणजे विस्कटण्याच्या वाटांची संख्या, जिंकते. आयझिंगने 1925 ला हेच दाखवलं. दोन मितींत उलट दिशांमधली भिंत जितकी लांब तितका खर्च जास्त, म्हणून 1944 ला ऑनसागरला चुंबक होण्याचं संक्रमण सापडलं.

फोंडेकर_एमएस्सी:
लॉग आला, थँक्स! पण शेजारच्या स्पिनला ओढतं काय, चुंबकी बल?

पठारावरचा:
नाही, ते फार दुबळं, साधारण एक केल्विनच्या घरातलं, आणि लोखंड तर 1043 केल्विनपर्यंत चुंबक राहतं. ओढ येते इलेक्ट्रॉनांच्या विद्युत प्रतिकर्षणातून. पाउलीच्या नियमामुळे सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून लांब राहतात, म्हणून प्रतिकर्षणाची ऊर्जा वाचते, बदल्यात गतिज ऊर्जा वाढते. बचत मोठी ठरली तर फेरोमॅग्नेट, हाच स्टोनरचा निकष. आता ट्रायआयोडाइडचे दोन थर घे, दोघांचे स्पिन एकमेकांच्या उलट लागतात. ट्रायआयोडाइडचा 2017 चा पेपर काढून वाच, मग बोलू.