मदत हवी आहे: सोलापूरच्या जुन्या घराची ओसरी, कडीपाट ठेवू की पीओपी मारू? (अर्जंट)

मृण्मयी_बाळीवेस
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, परवापर्यंत मिस्त्रीला हो-नाही सांगायचंय. आमचं बाळीवेशीत आजोबांच्या वेळचं घर आहे. आई आता कायमची तिकडे राहायला चाललीय, पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिचा जीव रमत नाही. घर तसं दणकट आहे पण समोरची ओसरी एकदम अंधारी आणि कळकट झालीय, आलेलं माणूस दारातच उभं राहून बोलतं आणि जातं. आधी तिथं दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. मला ते परत तसं करायचंय, हॉटेलच्या लॉबीसारखं चकचकीत नको, आत आल्यावर आमचंच घर वाटलं पाहिजे. मिस्त्री म्हणतो कडीपाटाचं, म्हणजे छताच्या तुळया-फळ्यांचं, लाकूड झाकून पीओपी मारतो, खाली व्हिट्रिफाइड टाइल, भिंतीला पुट्टी, सगळं मिळून दीड लाख. मला लाकूड झाकायला जिवावर येतंय पण वरून माती पडते त्याचं काय करू? कडीपाट ठेवू की पीओपी? आणि रंग कुठला देऊ? प्लीज लवकर सांगा, गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी आईला तिथं न्यायचंय.

जुळे_सोलापूरकर
पीओपी करून टाका डोळे झाकून. आम्ही आमच्या फ्लॅटला कडेनं कोव्ह लाइट सोडलेत, वॉर्म व्हाइट, संध्याकाळी लावले की हॉल एकदम खुलतो. माती पडायचा प्रश्नच राहत नाही. रंगाला ऑफ व्हाइट आणि एक भिंत टेक्श्चर.

चुनखडी
थांबा, रंगाचं नंतर बघू. ताई, आधी एवढं सांगा. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत, आहे की स्लॅब की पत्रा? माती कोरडी पडते की ओली, पावसातच पडते की बारा महिने? भिंती कशाच्या, त्यांना सिमेंटचा गिलावा केलाय का? वर शेवटचं काम कधी झालं? हे कळल्याशिवाय पीओपी करा किंवा करू नका म्हणणं म्हणजे अंधारात दगड मारणं. फोटो टाकलात तर बरं.

मृण्मयी_बाळीवेस
अहो काका वर माळवदच, त्या घरांना दुसरं काय असणार. भिंती दगड-मातीच्या, आतून बाबांनी सिमेंट केलं होतं. माती कोरडी, बारीक, बारा महिने पडते. वरचं काम कधी झालं आईला विचारावं लागेल. फोटो पुण्यातून कुठून टाकू, आई तिकडे गेली की काढेल. मला फक्त कडीपाट की पीओपी एवढंच ठरवायचंय हो.

हुरडा_पार्टी
ताई कशाला एवढी उठाठेव करलालाव, बिल्डरला द्या की. बाळीवेशीतली जागा हाय, खाली दोन दुकानं, वर आईला फ्लॅट. जुन्या घराला पैसा घालणं म्हणजे विहिरीत टाकणं बघा. आमच्या गल्लीतले सगळे पाडूनच बसले.

वंदना_अ
@हुरडा_पार्टी, दादा, त्यांनी विकू का असं विचारलंय का? त्यांच्या आईला तिथं राहायचंय. पाडून बसलेल्यांच्या जिन्यात एक माणूस बसलेलं दाखवा मला. मृण्मयी, तू तुझ्या मनासारखं कर गं. फक्त आईंचे गुडघे कसे आहेत ते सांग. जुन्या घरांचं जोतं उंच असतं, पायऱ्या उंच आणि अरुंद, वर उंबरा. पीओपीच्या आधी तिथं एक दांडा लावून घे धरायला.

दिशा_शास्त्र
दरवाजा कुठल्या दिशेला आहे? दक्षिणेला असेल तर माणसं बसत नाहीत याचं कारण तेच आहे. ईशान्येला पाण्याचा हौद आहे का? नसेल तर आधी तो करा.

चुनखडी
दिशेवर मी बोलत नाही. वजनावर बोलतो, कारण ते डोक्यावर असतं. ताई, कोरडी माती बारा महिने पडतेय म्हणजे फळ्यांवरचा पाला-काटक्यांचा जो थर असतो तो कुजून गेलाय आणि माती फटींतून गळतेय. आता हिशोब करा. दहा बाय दहा फुटांचा एक खण, वर एक फूट माती, म्हणजे शंभर घनफूट. कोरडी असली तरी साडेचार टनांच्या आसपास वजन झालं. पावसात भिजली की अजून जास्त. आपल्याकडं रीत अशी की दर उन्हाळ्यात वरून चार पाट्या पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही. अशी वर्षानुवर्षं चढत गेली की थर दीड-दीड फुटावर जातो आणि एके दिवशी पावसात तुळई बसते. पाऊस आपल्याकडं तसा कमीच, पण परतीचा एकदा कोसळला की दोन रात्रींत सगळं भिजवून जातो.
पीओपीचा धोका दिसण्याचा नाही, न दिसण्याचा आहे. खाली छत मारलंत की वाळवी लागली, तुळईचं टोक कुजलं, पाणी मुरलं, यातलं काहीच कळणार नाही. आज माती पडतेय ना, ती तुम्हाला निरोप देतेय.
कुणी घरी असेल तर एक करायला सांगा. स्टुलावर चढून पेचकस घ्या आणि प्रत्येक तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं टोचून बघा. मधे नाही, भिंतीपाशी. कुजते ती तिथंच, भिंतीची ओल तिथं बसते. पेचकस अडला तर लाकूड चांगलं. लोण्यात गेल्यासारखा गेला तर त्या खाली बसू नका, आधी टेकू लावा. मुठीनं ठोकूनही बघा, चांगलं लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं.

जुळे_सोलापूरकर
काका, तुम्ही घाबरवताय त्यांना. शंभर वर्षं उभी असलेली घरं आहेत ही. वर सिमेंटचा कोबा करून घेतला की पाणी बंद, माती बंद. आमच्या मामांनी केलाय.

चुनखडी
कोब्याचं वजन कोण घेणार? माती तशीच ठेवून वर कोबा म्हणजे साडेचारावर अजून टन-सव्वा टन. आणि खालचं लाकूड ऋतूप्रमाणं हलतं, कोबा हलत नाही, तो चिरतो, चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. तुमच्या मामांच्याकडं काय झालं ते पाच पावसाळे गेल्यावर सांगा.

टॉवेल_चादर
दोघांचंही थोडं थोडं पटतं. आमच्या भागात बऱ्याच जणांनी काय केलंय, माती उतरवून चार-पाच इंच ठेवली आणि वरून लोखंडी अँगलवर उताराचा पत्रा टाकला, माळवद आणि पत्र्यामधे माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा सोडून. पाऊस पत्र्यावर, गारवा मातीचा. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस असताना खाली पंख्यावर भागतं. दरवर्षी माती टाकायची कटकटही गेली. महापालिकेत विचारून करा मात्र.

वंदना_अ
मला एक कळत नाहीये मृण्मयी. तू म्हणतेस आधी तिथं दिवसभर माणसं बसायची आणि आता अंधार आहे. मग तेव्हा उजेड कुठून यायचा? लाकूड तर तेव्हाही काळंच होतं की.

मृण्मयी_बाळीवेस
वंदनाताई, तेव्हा चौक उघडा होता ना. बाबांनी नंतर चौकावर पत्रा टाकला, पाऊस आत यायचा आणि माकडं यायची म्हणून. ओसरीतून आत चौक, मग माजघर. माजघरात एक सवणं, म्हणजे छतातला उजेडाचा झरोका, होतं तेही तेव्हाच बुजवलं. पण तो विषय नाहीये, मी समोरच्या खोलीचं विचारतेय. आईचे गुडघे दुखतात, हो. माळवदाचं आईला विचारलं, दर उन्हाळ्यात माती टाकायचे म्हणाली, काढल्याचं तिला आठवत नाही.

वंदना_अ
अगं तोच तर विषय आहे! ओसरी अंधारी नाहीच, तिच्या पाठीचा दिवा विझवलाय. चौकातून उजेड आणि वारा ओसरीत यायचा, दारातून उभ्या माणसाला आतलं तुळशीवृंदावन दिसायचं, म्हणून माणूस आत यायचा. आता तो दारातून काळोखात बघतो, तर पाय कसा टाकेल?
दक्षिण कसब्यात आमच्या आत्याच्या घरी चौकाच्या कडेला दगडी पायरी होती, तिच्यावर ऊन सरकत जायचं आणि बायका उन्हाच्या मागं मागं सरकत शेंगा फोडत बसायच्या. आलेल्या माणसाला या-बसा म्हणायची गरजच नसायची, हातात सुपातल्या चार शेंगा यायच्या. तुला जे पाहिजे ते टाइलमधून येणार नाही गं. चौक उघड.

हुरडा_पार्टी
आणि माकडं? आणि चोर? चौक उघडा ठेवून म्हातारीला एकटी ठेवणार का?

टॉवेल_चादर
लोखंडी जाळी बसवा की आडवी, पूर्वीही असायच्याच. पत्रा काढायचा, त्याच जागी जाळी, आणि जाळीच्या वर दीड-दोन फूट उंचावर पॉलिकार्बोनेटची पारदर्शक शीट, चारी बाजूंनी मोकळी. पाऊस आत नाही, गरम हवा वरून निघून जाते, उजेड येतो. पूर्ण पारदर्शक नको, दुधी घ्या, नाहीतर एप्रिलपासून चौकात भट्टी होईल.

दिशा_शास्त्र
ब्रह्मस्थान, म्हणजे घराचा मधला भाग, उघडं ठेवणं शास्त्रातही सांगितलंय. पण हौदाचं उत्तर आलं नाही.

जुळे_सोलापूरकर
हौद पाहिजेच हो, वास्तूसाठी नाही, पाण्यासाठी. उजनी धरण भरून वाहिलं तरी आपल्याला नळाला पाणी काही दिवसांआडच. एकट्या बाईनं बादल्या वाहायच्या का? मृण्मयीताई, पाण्याची पाळी कधी येते आणि मोटर कुठं आहे ते बघून ठेवा.

हुरडा_पार्टी
पाण्यावरनं आठवलं, यंदा आमच्याकडं सहाव्या दिवशी आलंय. कुणाकडं वेळेवर येलालंय का?

चुनखडी
पाण्याचा वेगळा धागा आहे, तिकडं बोला. ताई, भिंतीचं राहिलं. दगड-मातीच्या भिंतीला आतून सिमेंट आहे, म्हणजे खाली दोन-तीन फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटून पांढरी पूड येत असणार, लोणा. बरोबर ना? जमिनीची ओल भिंतीत चढते, सिमेंटमुळं तिला सुकायला वाट मिळत नाही म्हणून ती अजून वर चढते आणि शेवटी तुळईच्या टोकाला पोचते. त्यावर पुट्टी मारलीत तर वर्षात निघेल. निदान चार फुटांपर्यंत सिमेंट खरवडून काढा, महिनाभर भिंत उघडी सुकू द्या, मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच रंग, त्यात चिमूटभर नीळ. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, तो आधी पूर्ण काढावा लागेल. रंगाचं विचारलं होतं ना, हे उत्तर.

मृण्मयी_बाळीवेस
लोणा आहे, हो. तुम्हाला कसं कळलं? महिनाभर सुकवायचं म्हणजे गड्डा गाठेल का? आणि फरशीचं काय? खाली शहाबादी आहे पण काळी पडलीय, मिस्त्री म्हणतो अ‍ॅसिड टाकून बघतो नाहीतर वरून टाइल.

टॉवेल_चादर
अ‍ॅसिड नको! शहाबादी चुन्याचा दगड आहे, अ‍ॅसिड पडलं की फेस येतो आणि वरचा गुळगुळीतपणा खाऊन टाकतो, मग ती कायमची खरखरीत आणि मळखाऊ होते. आपल्याकडं ही फरशी गुलबर्ग्याच्या पुढून शहाबादहून येते, रेल्वेनं जाताना वाडीच्या अलीकडं स्टेशन लागतं. जुनी फरशी जाड असते, आता तशी मिळायची नाही. गरम पाणी, साधा साबण, काथ्यानं घासा. सिमेंटचे डाग पत्र्याच्या पातीनं हळू खरवडा. मग मशीननं हलकं पॉलिश. उन्हाळ्यात तिच्यावर नुसतं पडलं तरी अंग निवतं, व्हिट्रिफाइडवर आईचा ओला पाय घसरला तर गुडघ्याचं ऑपरेशन.

वंदना_अ
आणि त्यावर अंथरायला आपली सोलापुरी चादर. बैठकीवर गादी, दोन लोड, झालं. सोफा नकोच.

हुरडा_पार्टी
चादर बघून घ्या, बाजारात पानिपतची सोलापुरी म्हणून खपवतात.

टॉवेल_चादर
खरंय. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं असूनही. आमच्या घरात माग होते, मी सांगतो, खरी जकार्ड मागावर विणलेली चादर उलटी करून बघा, नक्षी मागच्या बाजूलाही स्वच्छ असते फक्त रंग उलटे. छापील असेल तर मागं फिकट डाग. वजनालाही भारी लागते.

चुनखडी
चादर घ्याच, पण छत आधी. ताई, गड्ड्याचा हट्ट सोडू नका, फक्त काम वाटून घ्या. आता थंडीत पाऊस नाही, माळवद उतरवायला हीच वेळ. आधी तुळया तपासा, मग माती उतरवा, चौकाचा पत्रा काढा, फरशी धुवा. एवढं जानेवारीपर्यंत होतं. भिंत तोवर उघडी सुकत राहील, आईंना आतल्या खोलीत राहता येईल. चुन्याचं काम संक्रांतीनंतर. लाकडाला व्हार्निश नको, घासून जवसाचं तेल दोनदा द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर पसरून वाळवायच्या. आणि घर कुणाच्या नावावर आहे? शेजारची भिंत सामाईक आहे का?

मृण्मयी_बाळीवेस
आईच्या नावावर, सिटी सर्व्हेचा उतारा आहे. उजवीकडची भिंत चुलतकाकांची आणि आमची एकच आहे.

चुनखडी
मग माती उतरवायच्या आधी त्यांना सांगा. त्यांच्या तुळया त्याच भिंतीत बसल्या असतील.

मृण्मयी_बाळीवेस
अपडेट देतेय. मिस्त्रीला पीओपीचं नाही म्हणून सांगितलं, तो नाराज झाला, म्हटलं तुम्हीच करा पण हे करा. चुलतकाकांचा मुलगा स्वतः पेचकस घेऊन चढला. ओसरीच्या सगळ्या तुळया चांगल्या आहेत, एक सोडून. चुलतकाकांच्या भिंतीकडची, टोक मऊ लागलं, अगदी बोटभर आत गेला. तिला सध्या लोखंडी टेकू लावलाय, सुताराला बोलावलंय, कुजलेलं टोक कापून सागाचा नवा तुकडा सांधतो म्हणतोय. माती हातभर निघाली, टेम्पो भरभरून. चौकाचा पत्रा काल काढला. वंदनाताई, आईनं फोनवर सांगितलं की समोरच्या कुलकर्णी आजी आत येऊन बसल्या, चहा घेऊन गेल्या, अजून बैठक-बिठक काही नाही, नुसत्या पोत्यावर. पायरीचा दांडाही लागला. दुधी शीटचं माप घ्यायचंय, उतार कुठल्या बाजूला द्यावा?

टॉवेल_चादर
तुमच्याच बाजूला द्या, चुलत्यांच्या भिंतीवर पाणी जायला नको, तीच तुळई परत कुजेल. पाइप काढून हौदात सोडा. सांध्याला खालून लोखंडी पट्टी मारायला लावा, नुसते खिळे नकोत.

दिशा_शास्त्र
हौद ईशान्येलाच ना?

बार्शीकर_७
छान धागा. आमचंही बार्शीत जुनं घर आहे पण स्लॅबचं, गळतं. काय करावं? आणि त्या सुताराचा नंबर मिळेल का?

चुनखडी
स्लॅबचं गणित वेगळं, नवीन धागा काढा आणि फोटो टाका. सुताराचा नंबर ताईंना व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) मागा, इथं उघड टाकू नका.