26 व्या आठवड्यात जन्मलेली मुलगी, पाच महिने झाले तरी मान धरत नाहीये

सानूची_आई:
नमस्कार, माझी मुलगी 26 व्या आठवड्यात झाली, 810 ग्रॅमची. 74 दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती, आधी व्हेंटिलेटर मग सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं मशीन), दोनदा रक्त चढवलं. आता पाच महिन्यांची आहे पण मान धरत नाही, येणारीजाणारी प्रत्येक बाई विचारते अजून मान धरली नाही का गं आणि माझ्या पोटात गोळा येतो. अशी बाळं पुढे नीट होतात का हो? कुणाची मोठी झालेली आहेत का?

मुक्ता_नाशिक:
अगं तिचं वय ड्यू डेटपासून मोज! चौदा आठवडे आधी आलीये ना, म्हणजे ती आत्ता दोन महिन्यांचीच धर, आणि दोन महिन्यांचं पूर्ण दिवसांचं बाळ तरी कुठे मान धरतं? दोन वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं, लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. माझा 27 चा, 920 ग्रॅम, माझी अंगठी त्याच्या दंडापर्यंत जायची. आता 9 वर्षांचा आहे. जाड चष्मा आहे, लहानपणी दर पावसाळ्यात छाती भरायची, पंप द्यावा लागायचा, गणित अजून जड जातं. पण सायकल घेऊन गेला की अंधार पडेपर्यंत घरात येत नाही.

सिस्टर_एनआयसीयू:
ताई, सगळ्यांचं छानच होतं असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये 2006 साली 22 ते 26 आठवड्यांत जन्मलेली मुलं तीन वर्षांची झाल्यावर तपासली, तर साधारण चौघांत एकाला मध्यम किंवा गंभीर अडचण होती, कुणाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालीत येणारी अडचण), कुणाचं दिसणं-ऐकणं कमी. म्हणजे बाकीच्या तिघांना तेवढं मोठं काही नव्हतं, हेही तितकंच खरं. मेंदूच्या सोनोग्राफीत रक्तस्राव आला होता का ते फाईलमध्ये बघा. आणि डोळ्यांची तपासणी पूर्ण झाली का? पडदा पूर्ण तयार झाला असं डॉक्टर सांगेपर्यंत जायचंच, कारण आरओपी (लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार) बाहेरून दिसत नाही आणि लेझरची वेळ गेली की दृष्टी जाऊ शकते. कानांची बेरा टेस्टपण (बाळाला ऐकू येतं का ते बघणारी) करा. हातपाय कडक वाटले तर फिजिओ लगेच सुरू, जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात) फुकट होतं.

सानूची_आई:
फाईल काढून बघितली. सोनोग्राफी नॉर्मल लिहिलीये. डोळ्यांच्या कागदावर 'दोन आठवड्यांनी पुन्हा' असं आहे आणि आम्ही डिस्चार्जनंतर गावी आलो त्यात ते राहूनच गेलं. ह्यांना आत्ताच सांगितलंय, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने निघतोय.