परदेशी मातीत विसावलेल्या अधिकाऱ्याचे स्मरण

प्रश्न: माझ्या आजीचे थोरले बंधू दुसऱ्या महायुद्धात लेफ्टनंट होते. १९४४ साली इटलीच्या आघाडीवर ते धारातीर्थी पडले आणि त्यांचे दफनही तिकडेच झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. घरात त्यांचे एक छायाचित्र आणि पेन्सिलीने लिहिलेले, घड्यांवर विरत चाललेले एक पत्र, एवढेच उरले आहे. त्यांची कबर कशी शोधावी?

उत्तर: दोन्ही महायुद्धांत पडलेल्या राष्ट्रकुलातील सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या, १९१७ साली स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव, हुद्दा आणि पलटण यांवरून विनामूल्य शोध घेता येतो. नावाचे इंग्रजी स्पेलिंग मात्र दोन-तीन प्रकारे तपासावे, कारण आपली नावे त्या काळी ऐकू येतील तशी लिहिली जात. दफनभूमीत हुद्द्यावरून भेद केला जात नाही. अधिकारी आणि साधा शिपाई यांच्या शिळा सारख्याच उंचीच्या असतात, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरे उत्तर: कबर सापडली नाही, तरी धीर सोडू नये. ज्यांचे दहन झाले किंवा ज्यांचा देह मिळालाच नाही, त्यांची नावे स्मारकांवर कोरलेली आहेत. ते पत्र आधी स्कॅन करून घ्या, कारण पेन्सिलीची अक्षरे पुसट होत जातात. आणि पुण्यतिथीला ते घरातल्या मुलांसमोर मोठ्याने वाचा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. पत्रावर पलटणीचे नाव आहे. आज रात्रीच शोधतो.