चेन लवकर घासली की ऑपरेटरलाच का धरायचं?

खोदकाम (धागा सुरू करणारा):
डोझर असो की पोकलेन, चेन (चाकांऐवजी असलेला लोखंडी पट्टा) वेळेआधी संपली की पहिला प्रश्न ठरलेला: 'चालवतंय कोण?' मग ऑपरेटरला बोल लावायचे, नवा सेट मागवायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. माझं मत वेगळं आहे. चेन, पिन-बुश (चेनच्या जोडातली पिन आणि तिच्यावरची नळी), प्लेटा (जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या), रोलर (चेनवरून फिरणारी, मशीनचा भार घेणारी चाकं), आयडलर (टोकाचं, चेनला वळवणारं चाक), स्प्रॉकेट (चेन ओढणारं दात्यांचं चाक) या सगळ्याचं आयुष्य बरंचसं ठरून जातं ते ऑपरेटर केबिनमध्ये चढायच्या आधीच. ते ठरवतो मालक, नाहीतर साइटचा इंजिनिअर.

प्लेटांचंच बघा. मशीन मऊ जमिनीत रुतू नये म्हणून रुंद प्लेटा घेतल्या जातात आणि त्याच प्लेटा घेऊन मशीन खडकात उतरतं. रुंद प्लेटेच्या टोकाखाली दगड आला की लिंकला, म्हणजे चेनच्या कडीला, पीळ बसतो. प्लेट जितकी रुंद तितका पीळ मोठा. बोल्ट ढिले पडतात, लिंकमध्ये दाबून बसवलेले पिन-बुश हलायला लागतात, रोलरची कड एका बाजूनं खाल्ली जाते. मशीन रुतणार नाही एवढी रुंदी पुरे, त्याहून जास्त नको, हे प्रत्येक कंपनी सांगते. तरी मशीन घेताना 'रुंद असलेली बरी' म्हणून घेतात. यात ऑपरेटरनं काय करायचं?

दुसरं, ट्रेलर वाचवायला पोकलेन साइटच्या या टोकापासून त्या टोकाला चालवत न्यायची सवय. पोकलेन उभं राहून खोदायला बनवलेलं आहे. डोझर दिवसभर चालतो म्हणून त्याच्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या मध्ये तेल भरून सील केलेलं असतं. पोकलेनच्या चेनमध्ये बहुतेक वेळा ग्रीसच असतं, लांबच्या चालीसाठी ती केलेलीच नसते.

डोझरच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीखर्चातला जवळजवळ निम्मा हिस्सा या खालच्या भागावर जाऊ शकतो. एवढं असून किती जण ठरावीक तासांनी झीज मोजून लिहून ठेवतात?

लिव्हरहाती:
साहेब, मी स्वतः ऑपरेटर आहे आणि तरी तुमच्या विरोधात लिहितोय. एकाच साइटवर, एकाच मॉडेलची, सारख्याच प्लेटांची दोन मशीनं असतात. एकाची चेन लवकर संपते आणि दुसऱ्याची चालत राहते. फरक हाताचाच असतो.

रिव्हर्स घ्या. स्प्रॉकेट मागे असेल तर पुढे जाताना ओढ फक्त खालच्या बाजूनं, जमिनीपासून स्प्रॉकेटपर्यंतच्या थोड्या चेनवर येते. मागे जाताना तीच ओढ वरच्या सगळ्या चेनमधून, आयडलरला वळसा घालून जमिनीपर्यंत जाते. म्हणजे आयडलरवर वाकणारा प्रत्येक जोड ताणाखाली वाकतो आणि बुश स्प्रॉकेटच्या दातावर दाबाखाली घासतो. त्यात वरच्या गिअरमध्ये रिव्हर्स मारला की बुशचं काही खरं नाही.

पोकलेनवाल्यांची तर वेगळीच चूक. केबिन अर्धी फिरली की स्प्रॉकेट पुढे येतं. ऑपरेटरला वाटतं आपण पुढे चाललोय, आणि लांबचा पल्ला तो खरं तर रिव्हर्समध्ये काढतो. निघण्याआधी मान वळवून स्प्रॉकेट मागे आहे ना एवढं बघायला किती वेळ लागतो? हे मालक येऊन बघणार नाही. सदा एकाच बाजूला वळणं, जागेवर गरगर फिरवणं, ढिगाला भिडून चेन घसरत ठेवणं, ही सगळी आमच्या हातातली कामं आहेत. आमची जबाबदारी काढून घेऊ नका, तिच्याबरोबर आमची किंमतही जाते.

खोदकाम:
तुमचं शेवटचं वाक्य पटलं, जबाबदारी काढून घ्यायचा माझा हेतू नाही. पण डोझरला रिव्हर्स टाळता येत नाही. माल ढकलला की परत यावंच लागतं. परतीचं अंतर किती, हे साइटची आखणी ठरवते. आणि वरचा गिअर का पडतो? संध्याकाळी खेपा मोजल्या जातात म्हणून. सावकाश मागे येणाऱ्या ऑपरेटरला 'हळू आहे' म्हणतात. खेपा मोजणाऱ्यानं चेनही मोजली असती तर तुमच्यासारख्यांची किंमत आपोआप दिसली असती.

पिनबुश:
वर्कशॉपमधून लिहितोय. तुम्ही दोघंही चेनच्या ताणाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या भानगडी तिथूनच निघतात.

बरेच लोक चेन घट्ट ठेवतात. ढिली दिसली की उतरेल अशी भीती. घट्ट चेनमध्ये मशीन काही काम करत नसतानाही पिन-बुश, स्प्रॉकेट, आयडलर, अगदी फायनल ड्राइव्हच्या (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरबॉक्सच्या) बेअरिंगवरही भार असतो. झोळ, म्हणजे चेन मध्ये जेवढी लोंबते ते अंतर, थोडा कमी केला की ताण थोडा वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढतो. झोळ किती हवा ते मॅन्युअलमध्ये असतं आणि प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. शेजारच्या मशीनचं माप लावू नका.

यातली खरी मेख चिखल. यार्डात धुतलेल्या मशीनची चेन बरोबर मापात लावली आणि मशीन चिकणमातीत गेलं, की स्प्रॉकेटच्या दातांत माती ठासून बसते. बुश दाताच्या तळाला पोचत नाही, चेनला जास्त घेर घ्यावा लागतो आणि ती आपोआप तंग होते. म्हणून ताण तपासायचा कामाच्या जागी, कामातला चिखल असताना. सैल करताना चेन ताणणाऱ्या सिलिंडरचा ग्रीस व्हॉल्व्ह मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढाच, सावकाश फिरवा आणि त्याच्यासमोर तोंड आणू नका. आत प्रचंड दाब असतो, त्यानं माणसं जखमी झाली आहेत.

आता जबाबदारी कुणाची म्हणाल तर माझं मत लिव्हरहातींच्या बाजूनं झुकतं. फावडं घेऊन रोज माती काढणारा माणूस मशीनजवळचाच असतो. माती तशीच राहिली तर रोलर फिरायचे थांबतात, चेन त्यांच्यावरून घसटत जाते आणि रोलर एका बाजूनं सपाट होतात.

खडीरेती:
माफ करा, पण हा सगळा वाद जमिनीला वगळून चाललाय. गारगोटीची ओली रेती लिंक, बुश, रोलर सगळ्यांना पॉलिशपेपरसारखी घासते. पाण्यामुळे ती प्रत्येक फटीत पोचते आणि तिथेच राहते. मऊ मातीत वर्षानुवर्षं टिकणारी चेन अशा रेतीत पटापट संपते, चालवणारा कितीही चांगला असो. बुशच्या आणि रोलरच्या पृष्ठभागाला एका खोलीपर्यंतच कडकपणा दिलेला असतो. तो थर संपला की आतलं मऊ लोखंड भराभर जातं. माणसांना दोष द्यायच्या आधी साइटचा हिशोब वेगळा धरा, आणि रेतीतल्या मशीनची तपासणी निम्म्या तासांवर आणा.

दोनमशीनं:
मालकांपैकी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोजमाप, बुश फिरवणं (झिजलेली बाजू वळवून दुसरी बाजू कामाला लावणं) हे सगळं कागदावर छान आहे. माझी दोन मशीनं आहेत. बुश फिरवायला चेन उतरवायची, प्रेसवर न्यायची, तेवढे दिवस मशीन उभं. आणि बुश फिरवून आणले तरी रोलर-आयडलर त्यांच्या वेळेला जातातच. त्यापेक्षा चालेल तोवर चालवायचं आणि सगळं एकदम बदलायचं. मशीन उभं राहतं ते एकदाच.

पिनबुश:
दोनमशीनं, काही ठिकाणी तुमचं बरोबर आहे. पोकलेन कमी चालतं, तिथे बुश फिरवणं अनेकदा परवडत नाही. पण तेलाच्या चेनच्या डोझरला हा हिशोब लावू नका. त्या चेनमध्ये आतून झीज फारशी होत नाही, बुश बाहेरून, एका बाजूनं झिजतं. योग्य वेळी अर्धा फेरा फिरवलं की न झिजलेली बाजू दाताकडे येते आणि त्याच लिंकवर दुसरं आयुष्य मिळतं. स्प्रॉकेटचे सेगमेंट (दात्यांचे सुटे तुकडे) त्याच वेळी बदलायचे, झिजलेल्या दातांवर ताजी बाजू दिली तर तीही लगेच जाते.

'चालेल तोवर' म्हणून थांबलात तर बुशची भिंत इतकी पातळ होते की ती तडकते. तेल निघून जातं, जोड कोरडा पडतो, पिन आतून खाल्ली जाते आणि चेनची लांबी वाढते. मग फिरवायला काही उरत नाही. काम थांबल्याबरोबर हाताच्या पाठीनं अंदाज घ्या, जवळ नेऊनच, चिकटवून नाही. एखादाच जोड बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला वाटला तर तो कोरडा झालाय. कॅटरपिलरची सिस्टिमवन किंवा कोमात्सूची प्लस अशी स्वतःभोवती फिरणाऱ्या बुशची चेन असेल तर मात्र फिरवायचा प्रश्नच येत नाही.

आणि रोलर त्यांच्या वेळेला जातातच हेही पूर्ण खरं नाही. टोकाचे रोलर मधल्यांपेक्षा जास्त झिजतात. एक कडेचे आणि दोन कडांचे यांचा क्रम सांभाळून त्यांची अदलाबदल केली तर संच बराच बरोबरीनं संपतो. पण कुठला किती झिजलाय हे कळायला मोजावं लागतं.

दोनमशीनं:
डोझरपुरतं मान्य. पण मोजायला माणूस कुठून आणू? पोकलेनच्या बाबतीत माझं मत तेच आहे.

खोदकाम:
खडीरेतींशी सहमत, आणि तो माझाच मुद्दा आहे. कुठल्या जमिनीवर कुठलं मशीन पाठवायचं हे ऑपरेटर ठरवत नाही.

लिव्हरहाती:
मग एक सरळ मागणी करतो, मालक इथे आहेत म्हणून. पाळी संपायच्या आधी माती काढायला आणि झोळ बघायला जो वेळ लागतो तो ड्युटीत धरा. आज तो आम्ही पाळी संपल्यावर, फुकट देतो, आणि ज्याला घरी जायची घाई असते तो देत नाही. तो वेळ ड्युटीत धरलात तर चेनची वही मी भरतो. दोनमशीनं, तुमच्याकडे मोजायला माणूस नाही म्हणालात ना? पट्टी आणि कॅलिपर द्या, माप कुठून कुठे घ्यायचं ते वर्कशॉपवाल्यांकडून एकदा दाखवून घ्या. बाकीचं ऑपरेटर करेल.