अनुभव धागा: चिनी भाषकांना ‘कन्व्हीनियंट’ शिकवताना

शब्दवेडी:
एका जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आलाय, ‘आय विल कॉल यू व्हेन यू आर कन्व्हीनियंट.’ वाचलं आणि ते सगळे ऑनलाइन तास आठवले. इथे चिनी भाषकांना इंग्रजी शिकवणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढला. या एका विशेषणावर गाडी कुठे अडते आणि तुम्ही ती कशी काढता, ते लिहा.

सुरुवात करते. चुकीचं मूळ मँडरिनमधल्या ‘फांगप्येन’मध्ये आहे. ‘नी फांगप्येन मा?’ शब्दशः ‘तू सोयीचा का?’, अर्थ ‘तुला आत्ता जमेल का?’ तिथे माणूस वाक्याच्या तोंडाशी बसला तरी खटकत नाही. इंग्रजीत सोयीची असते ती वेळ, जागा, पद्धत. माणसालाच कन्व्हीनियंट म्हटलं की तो हाताशी पडलेली वस्तू वाटतो.

आधी नियम सांगू नका. वाक्याची पहिली जागा रिकामी ठेवा, पुढे ‘इज कन्व्हीनियंट फॉर मी’ लिहा आणि त्या जागेत फक्त वार, वेळ, ठिकाण भरायला लावा. ट्यूज्डे, हाफ पास्ट टेन, द कॅफे निअर द स्टेशन. अशी दहाएक वाक्यं तोंडात बसली की मगच ‘इज इट कन्व्हीनियंट फॉर यू टू टॉक नाऊ?’ उलट क्रमाने गेलात तर हा ‘इट’ कोण, यातच तास संपतो. चिनीत असा रिकामा कर्ता नसतोच.

भटक्या७:
आपल्याकडे तरी कुठे असतो? पण ‘तुम्हाला सोयीचं आहे का’ मधला ‘ला’ आपल्याला तारतो. चिनीत विभक्तीचे प्रत्यय नाहीत, त्यामुळे ‘तू’ आणि ‘तुला’ दिसायला एकच. मुलांना दोष देऊ नका, बिचारी प्रामाणिकपणे शब्दाला शब्द लावतात.

रेवा_मी:
कुकर लावलाय, घाईत लिहिते. माझ्या शहराविषयी निबंध दिला की हमखास येणारं वाक्य, ‘द ट्रॅफिक इज व्हेरी कन्व्हीनियंट.’ चिनीत ‘च्याओथोंग’ हा एकच शब्द रस्त्यावरच्या रहदारीलाही आणि बस-मेट्रोच्या सोयीलाही चालतो. दोन दुरुस्त्या पुरतात. शहराबद्दल असेल तर ‘पब्लिक ट्रान्सपोर्ट इज गुड’, जागेबद्दल असेल तर ‘इट्स ईझी टू गेट टू’.

आणि तो ‘व्हेरी’! चिनीत विशेषणाआधी ‘हन्’ सवयीने लागतो, त्यात ‘खूप’चा जोर बहुतेक वेळा नसतोच. शिवाय विशेषण स्वतःच क्रियापदाचं काम करतं, म्हणून ‘धिस ॲप व्हेरी कन्व्हीनियंट’. निबंधातल्या प्रत्येक ‘व्हेरी’खाली रेघ मारायला सांगा, मग तो खोडून वाक्य पुन्हा वाचायला लावा. ‘इज’ गायब आहे हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

(तीन शिट्ट्या झाल्या, पळते.)

माऊची_आई:
रेवा, वरणाची काळजी घे आधी 😄
माझ्याकडून दोन. ‘हिज लेग्ज आर नॉट कन्व्हीनियंट’ म्हणजे त्यांना चालायला त्रास होतो. ‘ही हॅज ट्रबल वॉकिंग’ शिकवा. दुसरं, ‘आय ॲम नॉट कन्व्हीनियंट धिस मंथ’ म्हणजे हात तंगीत आहे. ‘आय ॲम अ बिट शॉर्ट धिस मंथ.’ इथे कन्व्हीनियंट दुरुस्त करत बसू नका, तो शब्दच काढून टाका.

पाणीपुरी_प्रेमी:
कोणीच लिहिलं नाही म्हणून, ‘फांगप्येन करून येतो’ म्हणजे शौचाला जाऊन येतो 🙈

भटक्या७:
आणि ब्रिटिश इंग्रजीत ‘पब्लिक कन्व्हीनियन्स’ म्हणजे सार्वजनिक शौचालय! सोय सगळीकडे तीच.

जास्वंद:
कंपनीतल्या लोकांना शिकवणाऱ्यांनी हे नक्की घ्या. चिनीत ‘पू थाय फांगप्येन’ हा सभ्य नकार आहे, सांगायचं नाही पण समोरच्याला दुखवायचंही नाही. तेच इंग्रजी ईमेलमध्ये ‘इट इज नॉट कन्व्हीनियंट टू टेल यू’ झालं की वाचणाऱ्याला वाटतं, सांगायचा कंटाळा आलाय. हेतू नम्र, ऐकू येतं उर्मट. माझ्या मते या शब्दाची सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट शेअर दॅट’ किंवा ‘आय वुड रादर नॉट से’ पाठच करून घ्यावं.

याची दुसरी बाजू, ‘हाऊ कन्व्हीनियंट!’ मधला संशय त्यांना कळत नाही, ते ‘थँक यू’ म्हणतात. ‘अ कन्व्हीनियंट एक्स्क्यूज’ सोबत घेतलं की चटकन उलगडतं.

सुरावट:
उच्चाराचं कोणी बोललं नाही. मँडरिनमध्ये ‘व्ह’ नाही, म्हणून ओठांचा चंबू होऊन ‘कन्-वी’ येतं. पण ‘फांग’मधला फ ते वरचे दात खालच्या ओठावर टेकवूनच काढतात! तोच फ तीन सेकंद लांबवायला सांगा, ओठ न हलवता आवाज सुरू करायला सांगा, गळ्यावर बोट ठेवून कंप तपासा. ‘व्ह’ तयार. मग जोर ‘व्ही’वर आणि शेवटचा ‘ट’ गिळायचा नाही. आपला मराठी व मधलाच असतो, त्यामुळे नमुना देताना आपणही दात टेकवायचे.

पाणीपुरी_प्रेमी:
मला चिनी शिकायचंय, ‘बियान’ लिहितात आणि तुम्ही ‘प्येन’ म्हणताय?

सुरावट:
रोमन लिपीतला त्यांचा बी म्हणजे आपला प, आणि पी म्हणजे ओठ मिटून, श्वास सोडून म्हटलेला फ, ‘फळ’मधला, ‘फांग’मधला नव्हे. मराठी माणसाला हे फुकटात मिळतं. ‘फ्येन-यी’ म्हणजे स्वस्त, तिथे चिन्ह ‘प्येन’चंच, उच्चार वेगळा.

जास्वंद:
थोडं विषयांतर. हा ‘फांगप्येन’ बौद्ध ग्रंथांत संस्कृत ‘उपाय’साठी वापरलाय. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने 406 साली सद्धर्मपुंडरीक सूत्र चिनीत आणलं, त्यातल्या ‘उपायकौशल्य’ या दुसऱ्या प्रकरणाच्या चिनी नावात हाच शब्द आहे.

शब्दवेडी:
जास्वंद, हे फारच सुंदर! एक राहिलंच, ‘कन्व्हीनियंट फॉर द स्टेशन’ की ‘टू द स्टेशन’? पुस्तकात दोन्ही दिसतं, मुलं गोंधळतात.

रेवा_मी:
आले परत. जवळ या अर्थी ‘फॉर’ ब्रिटिश, ‘टू’ अमेरिकन. मुलांची परीक्षा कुठली ते बघून एकच शिकव. माणसासोबत मात्र ‘फॉर’च ठेव.