शब्दचर्चा : गुठळी, अंतर्कील आणि 'रक्त पातळ करणे'

विचारणा : तीव्र कोविडच्या रुग्णाच्या कागदांवर 'थ्रॉम्बस' आणि 'एम्बोलस' असे दोन शब्द दिसतात. मराठीत दोन्हींना गुठळीच म्हणायचे का?

प्रतिसाद : बोलताना चालेल, लिहिताना नको. रक्तवाहिनीत जागच्या जागी धरलेली गुठळी म्हणजे थ्रॉम्बस. तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वाहत गेला आणि पुढे अडकला की तो अंतर्कील, म्हणजे एम्बोलस. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल नीलेतली गुठळी सुटते, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून जाऊन फुफ्फुसरोहिणीत अडकते, हा नेहमीचा मार्ग.

कोविडमध्ये मात्र पायांच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) काही सापडत नाही आणि सीटीत फुफ्फुसात गुठळ्या दिसतात, असे बरेचदा होते. दाहामुळे तिथल्या वाहिन्यांचे अस्तर दुखावते आणि गुठळी तिथेच धरते. तिला अंतर्कील म्हटले की वाचणारा पायात उगम शोधत बसतो. उगम ठरलेला नसेल तर 'फुफ्फुसरोहिणीतली गुठळी' एवढेच लिहावे.

दुसरा प्रतिसाद : 'रक्त पातळ करणारे इंजेक्शन' हा शब्द जास्त घोटाळा करतो. हेपारिनने रक्ताचा दाटपणा कमी होत नाही, धरलेली गुठळी विरघळतही नाही. ते रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनचा, म्हणजे गोठणे रोखणाऱ्या प्रथिनाचा, जोर वाढवते, त्यामुळे नवी गुठळी धरत नाही आणि जुनी वाढत नाही. जुनी विरघळवते ते शरीरातले प्लाझ्मिन हे विकर, तेही सावकाश. म्हणून हेपारिनला 'गुठळीरोधक' म्हणावे आणि 'गुठळी विरघळवणारे' हे नाव अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज यांच्यासाठी राखून ठेवावे. नातेवाइकांना हा फरक सांगितलाच पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत गुठळी गेली असेल असे ते धरून चालतात.

नुसते 'हेपारिन चालू' लिहिणेही अपुरे. एनॉक्सापॅरिन या हेपारिनच्याच प्रकाराची नेहमीची प्रतिबंधक मात्रा त्वचेखाली ४० मिग्रॅ, दिवसातून एकदा. उपचारमात्रा किलोमागे १ मिग्रॅ, दर १२ तासांनी. ६० किलोच्या माणसाला हे दिवसाला १२० मिग्रॅ, म्हणजे तिप्पट. मूत्रपिंडे अधू असतील तर औषध साचते आणि रक्तस्राव होतो, तेव्हा मात्रा घटवावी लागते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत उपचारमात्रेचा फायदा वॉर्डातल्या रुग्णांना दिसला, अतिदक्षता विभागातल्यांना दिसला नाही.

पुरवणी : डी-डायमरला 'गुठळीची तपासणी' म्हणू नये. तो फायब्रिन, म्हणजे गुठळी बांधणारे प्रथिन, तुटल्यावर उरणारा तुकडा आहे, नुसत्या जंतुसंसर्गानेही वाढतो. शिवाय एकक पाहा : एफईयू (फायब्रिनोजेनच्या हिशेबाचे एकक) यातले ५०० म्हणजे डीडीयू (डी-डायमरच्याच हिशेबाचे एकक) यातले साधारण २५०. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकक न पाहता शेजारी मांडले तर आजार दुप्पट वाढल्यासारखा दिसतो.