टिपमन ९८ कस्टम : टाकी लावताच नळीतून गॅस सुटतो, काय बदलायचं?

डिचोलीकर : पेंटबॉलच्या मैदानावरची मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायची बंदूक आहे, टिपमन ९८ कस्टम, २० औंसांची सीओटू (कार्बन डायऑक्साइड) टाकी. टाकी फिरवून बसवली की नळीच्या तोंडातून सुस्स करून गॅस सुटतो. टाकीच्या तोंडाची ओ-रिंग नवी घातली, फरक शून्य. सुटे भाग गोव्याबाहेरून मागवावे लागतात, त्यामुळे नेमकं काय मागवायचं ते सांगा.

पितळी_पिन : बाब, टाकीची ओ-रिंग गेली असती तर गॅस टाकीच्या गळ्याशी सुटला असता. नळीतून येतोय म्हणजे व्हॉल्व्ह बंद होत नाहीये.

पण भाग मागवण्याआधी एक बघा. टाकी लावताना मार्कर कॉक केलेली, म्हणजे बोल्ट मागे ओढून अडकवलेली होती का? नसेल तर मागचा बोल्ट, म्हणजे हॅमर, स्प्रिंगच्या जोराने व्हॉल्व्हच्या पिनवर टेकलेला असतो. आत दाब साठायच्या आधीच गॅस नळीवाटे निघून जातो. हॉपर (वरचा गोळ्यांचा डबा) काढा, आत गोळी अडकलेली नाही ना ते पाहा, गॉगल चढवा, नळीच्या तोंडावर कापडी मोजा घाला, मग कॉक करून टाकी लावा. आवाज थांबला तर काही बदलायचं नाही.

डिचोलीकर : कॉक करूनही सुटतोच. साबणाचं पाणी सगळीकडे लावलं, सांध्यांवर एकही बुडबुडा नाही.

पितळी_पिन : मग कप सील, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करणारी आतली चकती. टाकी काढा, उरलेला गॅस हवेत दोन-चार बार काढून संपवा, मगच स्क्रूला ॲलन की लावा. बॉडी आडवी ठेवून वरचा अर्धा भाग सावकाश उचला, ट्रिगरच्या बारीक स्प्रिंगा उडतात. आधी फोटो काढून ठेवा. कप सीलवर गोल वळ दिसेल, तो असायचाच. त्या वळावर नख फिरवा : चीर लागली किंवा रेतीचा कण रुतलेला दिसला तर सील बदला. ज्या धातूच्या कडेवर ते बसतं ती कापडाने पुसा, पॉलिशपेपर अजिबात मारू नका. कडेला चरा पडला की नवं सीलही गळतं.

रानवारा : सील पुन्हा जाऊ नये म्हणून उन्हाकडे लक्ष द्या. सीओटूचा दाब २० अंशांना साधारण ८३० पीएसआय असतो, ३१ अंशांना १,०७० च्या घरात जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्याही वर. भरलेली टाकी बंद गाडीत ठेवलीत तर बर्स्ट डिस्क, म्हणजे दाब फार वाढला की फुटणारी सुरक्षा चकती, फुटू शकते. सावलीत ठेवा, आणि भरताना वजनकाट्यावर ५६७ ग्रॅमच्या (म्हणजे २० औंसांच्या) वर गॅस जाऊ देऊ नका.

टाकीच्या ओ-रिंगा मात्र इथेच मिळतील. खाणपट्ट्यात हायड्रॉलिकचं काम करणाऱ्यांकडे ०१५ साइझ मागा : आतला व्यास १४ मिमी, जाडी १.७८ मिमी. पॉलियुरेथेन, कडकपणा ९० शोअर. साधी काळी नायट्राइल घेऊ नका, तिच्यात सीओटू मुरतो आणि टाकी काढताच दाब एकदम उतरला की तिला फोड येतात.

पितळी_पिन : बरोबर. जोडणी झाल्यावर टाकीच्या तोंडाकडच्या अडॅप्टरमध्ये पेंटबॉलचं तेल ४-५ थेंब सोडा आणि मोकळे बार काढा, म्हणजे ते सीलपर्यंत पोचेल. डब्ल्यूडी-४० नको. आणि नळीत डोकावून बघायचं नाही, बुडबुडे बाजूनेच दिसतात.